इमारत कुणाची?

आमच्या चंदगड तालुक्यात पाऊस असा कोसळतो की घर बांधणारा माणूस आधी छपराचा विचार करतो आणि मग भिंतींचा. जांभ्या दगडाच्या भिंती, उतरती कौले, पुढे पडवी, अशी आमच्याकडची जुनी रीत. मोठ्या इमारती पाहायच्या तर बेळगाव गाठायचे नाहीतर कोल्हापूर, आणि त्यातही बेळगावच जवळ. अशा मुलखातील उर्दू शाळेची मुले पहिल्यांदा मुंबईला जातात तेव्हा समुद्राआधी ती इमारतींकडेच पाहत राहतात. काही वर्षांपूर्वी सातवीच्या मुलांची सहल घेऊन आम्ही गेलो होतो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर मुलांना रांगेत उभे करून मोजणी करीत होतो, तेवढ्यात रांगेतून प्रश्न आला, "सर, ये किसने बनाया?"

आम्ही म्हणालो, "अंग्रेजों ने."

मुलगा क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "वो तो जालिम थे ना? आपनेच पढाया. फिर इसको इतना संभालके कायको रखे?"

सहलीच्या आदल्याच आठवड्यात आम्ही वर्गात स्वातंत्र्यलढा शिकवला होता आणि तो चांगला शिकवला याचा आम्हाला थोडा अभिमानही होता. पण बी.एड.च्या वर्गात कुणी या प्रश्नाचे उत्तर शिकवले नव्हते. "चलो, लाईन में चलो" असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली. शिक्षक वेळ मारून नेतो तेव्हा मुलांना ते कळते. त्या मुलालाही कळले असावे. हा लेख म्हणजे त्याला उशिरा दिलेले उत्तर आहे. ते पुरेसे आहे की नाही, हे वाचकांनी ठरवावे.

पहिली गोष्ट ही की मुलाची शंका खोटी नव्हती. मुंबईतील या इमारती कशा उभ्या राहिल्या हे पाहिले तर ती अधिकच खरी वाटू लागते. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत पैशाचा पूर लोटला. त्याच दशकात गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी किल्ल्याचे जुने तट पाडले आणि मोकळ्या झालेल्या जागेवर नवे शहर आखले. आज आपण ओव्हल मैदानाच्या कडेने जी रांग पाहतो ती त्यातूनच उभी राहिली. विद्यापीठ, राजाबाई टॉवर, उच्च न्यायालय, सगळी गॉथिक घडणीची. राजाबाई टॉवर आणि उच्च न्यायालय, दोन्ही 1878 साली पूर्ण झाली आणि व्हिक्टोरिया टर्मिनसच्या कामाला त्याच वर्षी हात लागला.

आता 1878 हे साल दुसऱ्या बाजूने पाहा. 1876 ते 1878 या काळात दख्खनमध्ये महादुष्काळ होता. मुंबई इलाखा, मद्रास इलाखा, म्हैसूर, सगळीकडे मिळून पन्नास लाखांहून अधिक माणसे दगावली. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या मजुराला दिवसाला साधारण एक पौंड धान्य पुरे, असा हिशेब ज्या सर रिचर्ड टेंपल यांनी मांडला, तेच 1877 मध्ये मुंबईचे गव्हर्नर झाले. इकडे दगडावर वेलबुट्टी कोरली जात होती आणि तिकडे माणसे खडी फोडता फोडता मरत होती. दोन्ही कामे एकाच सरकारची. तेव्हा जालिम म्हणणाऱ्या मुलाला गप्प करण्याचा अधिकार आम्हाला नव्हता.

आमच्या जिल्ह्याचेही तसेच आहे. कोल्हापूरचा टाऊन हॉल 1872 ते 1876 या काळात बांधला गेला. मेजर चार्ल्स मॅंट या इंग्रज वास्तुविशारदाने त्याचा नकाशा केला. त्याआधी 1870 मध्ये छत्रपती राजाराम महाराज युरोपच्या प्रवासात असताना इटलीतील फ्लॉरेन्स शहरी अवघ्या वीस वर्षांचे असताना वारले होते. आर्नो नदीच्या काठी त्यांची जी छत्री आहे तिचा आराखडाही मॅंटचाच. गादीवर दत्तक आलेले चौथे शिवाजी महाराज लहान मूल होते. कारभार इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाती होता. म्हणजे टाऊन हॉल उभा राहिला तेव्हा पैसा करवीरच्या रयतेचा, नाव करवीरच्या गादीचे आणि मर्जी इंग्रजांची. पुढे त्या तरुण राजाला वेडा ठरवून अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवले गेले आणि 1883 मध्ये तेथेच त्याचा अंत झाला. कोल्हापूरच्या कारभाराविरुद्ध लिहिल्याबद्दल टिळक आणि आगरकर यांनी 1882 मध्ये डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढले. ज्या नव्या राजवाड्याकडे आपण कौतुकाने बोट दाखवतो त्याचे बांधकाम 1877 ते 1884 असे याच वर्षांत चालू होते.

मग सांभाळायचे का? लोक सहसा जे पहिले उत्तर देतात ते असे की इमारत सुंदर आहे. आम्हालाही ती सुंदर वाटते. पण सौंदर्य म्हणजे माफीनामा नव्हे. एखाद्या सावकाराचा वाडा सुंदर असतो म्हणून त्याने केलेली जप्ती न्याय्य ठरत नाही. ज्याच्या आजोबांची जमीन त्या वाड्याच्या चौकटीत गेली त्याला नक्षी दाखवून काय उपयोग?

दुसरे उत्तर असे की हुकूम त्यांचा असला तरी हात आपले होते. यात जास्त तथ्य आहे. व्हिक्टोरिया टर्मिनसचा नकाशा एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचा, पण कामावर सहायक अभियंता सीताराम खंडेराव वैद्य होते आणि देखरेखीला एम. एम. जनार्दन. दगडातील पाने, पाखरे, माकडे कोरण्याच्या कामात जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. दगड मालाडचा आणि कुर्ल्याचा. तेलंगणातून आलेल्या कामाठी गवंडी-मजुरांनी हे शहर बांधले आणि त्यांची आठवण कामाठीपुरा या नावात राहिली. राजाबाई टॉवरचा पैसा तर इंग्रजांचा नव्हताच. तो दिला प्रेमचंद रायचंद या गुजराती व्यापाऱ्याने आणि अट घातली की मनोऱ्याला आपल्या आईचे नाव द्यावे. राणीच्या राज्यात शहरातील सर्वांत उंच मनोऱ्यावर एका देशी बाईचे नाव राहिले!

आणि कारागिरीचे म्हणाल तर तीही सगळी विलायतेची नाही. स्टीव्हन्स यांनीच बांधलेल्या, 1893 मध्ये पूर्ण झालेल्या महापालिकेच्या इमारतीचे घुमट पाहिले की आपल्या मुलखाची ओळख पटते. त्यानंतर वीस वर्षांनी, 1913 साली, शेजारी पोस्टाची मोठी इमारत झाली. तिचा घुमट विजापूरच्या गोलघुमटावरून घेतलेला. आदिलशाहीच्या कारागिरांनी जे सतराव्या शतकात साधले ते शिकायला इंग्रजांचे वास्तुविशारद विजापूरला गेले. आपली भाषाही हीच साक्ष देते. इमारत, दरवाजा, कमान, मिनार, बुरूज, घुमट, दिवाणखाना, हौद, हे सगळे शब्द अरबी-फारसीतून आले आणि मराठी झाले. कुणी ते परत मागत नाही, आणि कुणी ते हाकलू म्हटले तर मराठी माणसाला घरात शिरायला दरवाजाच उरणार नाही.

तरीही हे दुसरे उत्तर आमचे समाधान करीत नाही. आपल्याच हातांनी तुरुंगही बांधले, फाशीचे वधस्तंभही उभे केले. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्यावी ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मजुरी दिली की हिशेब मिटला असे मालक म्हणेल. पण राबणाऱ्याचा हक्क पैशापाशी संपत नाही, नाव राहण्याचाही त्याचा काही हक्क असतो, असे आम्हाला वाटते. तो हक्क मान्य केला तरी त्यातून एवढेच निघते की इमारत आपलीही आहे. जुलूम झालाच नव्हता, असे निघत नाही.

आम्हाला उत्तर जवळ आल्यासारखे वाटले ते उच्च न्यायालयाच्या एका दालनापाशी. 1908 साली याच इमारतीत लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला आणि त्यांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला पाठवण्यात आले. स्वातंत्र्यानंतर या दालनाचे काय करायला हवे होते? अन्यायाची जागा म्हणून ते बंद करता आले असते. रंग लावून, काही घडलेच नाही अशा थाटात कामही चालवता आले असते. तसे झाले नाही. 1956 मध्ये त्या दालनाबाहेर संगमरवरी शिळा बसवली गेली आणि टिळकांनी शिक्षा ऐकल्यावर न्यायालयाला जे सुनावले होते तेच शब्द तिच्यावर कोरले गेले. शिळेचे अनावरण केले तेव्हाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांनी. ज्या न्यायासनाने शिक्षा दिली त्याच न्यायासनावर बसलेला मुसलमान न्यायाधीश, येथे अन्याय झाला, हे दगडात लिहून ठेवतो. यासाठी दालन उभे असावे लागले. ते पाडले असते तर शिळा लावायला भिंत राहिली नसती.

इमारतीला आम्ही म्हणूनच साक्षीदार मानतो. साक्षीदाराला मारले तर फायदा गुन्हेगाराचाच होतो. ज्याला इंग्रजी राज्याचा जुलूम मुलांना दाखवायचा आहे त्याने व्हिक्टोरिया टर्मिनस आधी जपले पाहिजे, कारण एवढी दौलत कोठून आली हा प्रश्न ती इमारत पाहिल्यावरच मुलाच्या मनात येतो. आमच्या विद्यार्थ्याने तो पुस्तक वाचून विचारला नव्हता. दगड पाहून विचारला होता.

साक्ष एकाच बाजूची असते असेही नाही. टर्मिनसच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे, अंजुमन-ए-इस्लामची शाळा आहे. ही संस्था बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सोबत्यांनी 1874 मध्ये सुरू केली आणि शाळेची सध्याची इमारत 1893 ची, म्हणजे महापालिकेच्या इमारतीच्याच वर्षाची. तेच तय्यबजी 1887 मध्ये मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष होते. साम्राज्याच्या सर्वांत दिमाखदार स्थानकासमोर मुसलमानांनी आपल्या मुलांसाठी शाळा बांधली, तीही त्या स्थानकाला शोभेल अशी. आम्ही चंदगडची मुले त्या फाटकासमोर उभी केली आणि सांगितले की तुम्ही जी जबान शिकता तिच्यासाठी हे बांधले गेले. पुढे 2008 च्या नोव्हेंबरात त्याच स्थानकात अतिरेक्यांच्या गोळ्यांनी पन्नासहून अधिक माणसे मारली गेली. त्यांत हिंदू होते तसे मुसलमानही होते. आता त्या फरशीवर कुणाची मालकी सांगायची? 2004 मध्ये टर्मिनस आणि 2018 मध्ये ओव्हलभोवतीच्या 94 इमारती जागतिक वारशाच्या यादीत गेल्या हे चांगलेच झाले. पण यादीत नाव नसते तरी ती फरशी आपलीच होती.

येथे एक अडचणीचा प्रश्न आहे आणि तो टाळणे बरे नव्हे. आमच्यासारख्या अनेक शाळांत पावसाळ्यात वर्गात बादली ठेवावी लागते. पोरांच्या डोक्यावर पाणी गळत असताना कुठल्याशा घुमटावर पैसा का घालावा? या प्रश्नापुढे वारशाची सगळी भाषा लंगडी पडते हे आम्ही मान्य करतो. माणूस आधी, दगड नंतर. पण अनुभव असा की जेथे जुने जपण्याची सवय नसते तेथे नवेही गळू लागते. दुरुस्ती ही पैशाइतकीच वृत्तीची बाब आहे. दर मृगाआधी कौले चाळणारा माणूस आणि तडे गेलेला घुमट सांधणारा माणूस एकाच जातीचे. आणि सगळेच जुने राखले पाहिजे असा आमचा हट्टही नाही. जे डोक्यावर कोसळेल ते उतरवावेच लागते. फक्त ते उतरवण्याचे कारण खरे असावे. बांधणारा आपल्याला आवडत नव्हता हे कारण खरे नव्हे. त्याला नाव बदलता येते. व्हिक्टोरियाचे नाव 1996 मध्ये गेले आणि शिवछत्रपतींचे आले, क्रॉफर्ड मार्केट महात्मा जोतिबा फुल्यांचे झाले. नाव बदलले, छप्पर राहिले आणि भाजीवाल्याचे पोटही.

'बांधणारा वाईट, म्हणून पाडा' या न्यायाचे पुढे काय होते हे आपल्या समाजाला कुणी समजावून सांगण्याची गरज नाही. आमचा जन्म 1992 च्या आसपासचा. 6 डिसेंबर आम्ही पाहिला नाही, तो घरातल्या मोठ्यांच्या गप्प बसण्यातून आम्हाला कळला. त्या दुःखातून एक नियम काढायचा असेल तर तो सर्वांना लागू होणारा काढावा लागेल. आपल्या घुमटांसाठी एक माप आणि राणीच्या कमानींसाठी दुसरे, हे इन्साफाला धरून नाही.

आता जे सांगायचे आहे ते सांगताना हात अडखळतो. आमच्या भागातील एका गावात जुनी मशीद होती. जांभ्याच्या भिंती, फणसाच्या लाकडाचे खांब, मंगळुरी कौले, पुढे वजूसाठी छोटासा हौद. खांबांवर साधी वेलाची नक्षी. जमातीची बैठक झाली. जागा अपुरी पडते, कौले गळतात, शेजारच्या गावात स्लॅबची मशीद झाली, आपलीच मागे का? असे बोलणे झाले. शिकलेला माणूस म्हणून आम्हालाही विचारले. खरे तर मागच्या बाजूने जागा वाढवता आली असती, कौले बदलता आली असती. हे मनात आले. पण म्हातारी माणसे नाराज होतील, तरुण हसतील, असे वाटून आम्ही "जैसा सबका मशवरा" एवढेच म्हणालो आणि सर्वांबरोबर हात वर केला. दुआ झाली, खजूर वाटले गेले आणि जुनी मशीद चार दिवसांत उतरली.

या पाडण्यात आणि 6 डिसेंबरच्या पाडण्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. येथे कुणावर जोर झाला नाही, आपलेच घर आपण नवे केले. तेव्हा दोन्ही गोष्टी एका तराजूत घालू नयेत. पण एक नुकसान दोन्हीकडे सारखे झाले. साक्षीदार गेला.

तो साक्षीदार काय सांगणार होता हे आम्हाला नंतर कळले. लाकूड भरताना एक वृद्ध गृहस्थ कडेला उभे होते. आम्हाला म्हणाले, "मास्तर, हे खांब आमच्या आज्यानं घडवलेले. आम्ही सुतार. मजुरी ठरली होती, पण मिंबरच्या तीन पायऱ्यांचे पैसे आज्यानं घेतले नाहीत. देवाच्या घरचं म्हणाला." आम्ही विचारले, "काका, मग बैठकीच्या आधी का नाही सांगितलंत?" ते म्हणाले, "मशीद तुमची. आम्ही कसं बोलायचं?"

मशीद तुमची, हे त्यांचे शब्द अजून कानात आहेत. मालकी कागदावर आमची होती हे खरे. पण आपल्या दीनात ज्याला अमानत म्हणतात ती वस्तू ठेवणाऱ्याची नसते, सांभाळणाऱ्याचीही नसते, पुढे ज्याला सोपवायची त्याचा तिच्यावर हक्क असतो. त्या तीन पायऱ्या गावातील हिंदू-मुसलमान पोरांना सोपवायच्या होत्या. उद्या कुणी त्या पोरांना सांगेल की तुमचे आजे-पणजे एकमेकांचे दुश्मन होते, तेव्हा दाखवायला आमच्याजवळ आता काही नाही. नवी मशीद प्रशस्त आहे, फरशी गुळगुळीत आहे, नमाज तेथेही होते आणि कबूल होत असेलच. पहिल्याच पावसाळ्यात स्लॅब गळला, ते वेगळे.

यंदा आम्ही मुलांना कोल्हापूरला नेले. मुस्लिम बोर्डिंग दाखवले. राजर्षी शाहू महाराजांनी ते 1906 मध्ये मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी सुरू केले हे सांगितले. मग टाऊन हॉल. आत आता वस्तुसंग्रहालय आहे. ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडलेली पोसायडन या ग्रीक सागरदेवतेची इवलीशी मूर्ती पाहून मुले हरखली. इंग्रजी घडणीच्या घरात ग्रीकांचा देव, पंचगंगेच्या मातीतून निघालेला, आणि पाहणारी मुले उर्दू शाळेची! कुणाचे काय, हे वेगळे काढायला बसले तर संध्याकाळ व्हायची.

बाहेर झाडाखाली बसवून वहीत चार रकाने आखायला सांगितले. हुकूम कुणाचा, पैसा कुणाचा, हात कुणाचे, आज उपयोग कुणाला. टाऊन हॉलचे पहिले दोन रकाने आणि चौथा मुलांनी भरला. तिसऱ्यात बहुतेकांनी 'मालूम नहीं' असे लिहिले. आम्ही म्हणालो, रिकामे ठेवू नका, ज्याचे नाव हरवले त्याची जागा तरी राहू द्या. घरी गेल्यावर आपापल्या गावातील एका जुन्या इमारतीचे असेच रकाने भरून आणायला सांगितले. कुणी विहिरीचे आणले, कुणी चावडीचे, एका मुलीने आपल्या आजीच्या घराचे.

एकाने त्या गावच्या मशिदीचे आणले होते. नव्या मशिदीचे नव्हे, जुन्या. हात कुणाचे या रकान्यात त्याने सुताराच्या घराण्याचे नाव लिहिले होते, घरच्यांना विचारून. चौथ्या रकान्यात, आज उपयोग कुणाला, येथे त्याने काहीच लिहिले नव्हते. आम्ही वही तपासली, तारीख घातली. त्या रकान्यात काय लिहावे ते आम्हालाही सुचले नाही.